तापमानाचा काटा मध्येच तळाला जातो : कूलंट सेन्सरचा अधूनमधून येणारा दोष कसा शोधावा?

सिंहगडरोडकर | शनिवार, सकाळी

नमस्कार.

माझ्याकडे २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेले काही आठवडे तिची एकच तक्रार चालू आहे आणि गाडी गॅरेजच्या दारात उभी केली की ती तक्रार नाहीशी होते. इंजिन व्यवस्थित गरम झालेले असताना तापमानाचा काटा एकदम तळाला जातो, चेक इंजिनचा दिवा लागतो, रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने फिरू लागतो आणि एसी थंड करेनासा होतो. काही सेकंदांत, कधी मिनिटभरात, काटा पुन्हा मध्यावर येतो. पंखा मात्र गाडी बंद करून परत चालू केल्याशिवाय थांबत नाही.

घराजवळच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी ०११८ हा कोड दिसला. त्यांनी कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा सेन्सर बदलला, कोड पुसला, थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झाले. आता ते ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, उघडून तपासायला सांगत आहेत. तो खर्च करण्याआधी येथील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगतो. महामार्गावर सपाटीला हा त्रास जवळजवळ होत नाही. इमारतीच्या तळघरातील पार्किंगचा चढ चढताना आणि कात्रजच्या जुन्या घाटात खालच्या गिअरमध्ये मात्र तो हमखास होतो. कूलंटची पातळी योग्य आहे. घरी साधा मल्टीमीटर आणि ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर आहे. तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

तांब्याचीतार | शनिवार, दुपारी

आपण वर्णन इतके नेमके केले आहे की निम्मे निदान त्यातच आहे. इंजिनात काही लिटर कूलंट असते आणि त्याभोवती कित्येक किलो तापलेला धातू असतो. हे सगळे नव्वद अंशांवरून एका क्षणात गार होणे शक्यच नाही. त्यामुळे काटा झटक्यात पडला तर दोष विजेच्या मार्गात आहे, आणि तो सावकाश चढत-उतरत असेल तर दोष खरोखरच तापमानात, म्हणजे थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप), कूलंटची पातळी किंवा आत अडकलेली हवा यांत आहे. पुढची प्रत्येक तपासणी या एका फरकावर ठरते. म्हणून स्कॅनरवर नुसता कोड वाचून थांबू नये. चालू गाडीत तापमानाचा आलेख पाहावा.

आता पी ०११८ चा अर्थ. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढले की ज्याचा विरोध कमी होतो असा थर्मिस्टर. ईसीयू आपल्या आतील एका ठरावीक विरोधातून त्याला ५ व्होल्ट देतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते पाहून तापमान ठरवतो. इंजिन गार असेल तर व्होल्ट जास्त, तापले की कमी. वायर कोठे तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीयूची समजूत होते की कूलंट उणे ४० अंशांवर आहे. पी ०११८ म्हणजे हेच, व्होल्ट अपेक्षेपेक्षा जास्त. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या किंवा सिग्नलची वायर बॉडीला लागली तर उलट होते, व्होल्ट शून्याजवळ जातात आणि पी ०११७ येतो. तेव्हा आपल्या गाडीत काहीतरी क्षणभर उघडते आहे, शॉर्ट होत नाही, एवढे आताच सांगता येते.

पंखा पूर्ण वेगाने फिरणे आणि एसी बंद होणे हा स्वतंत्र बिघाड नाही. तापमान कळेनासे झाल्यावर इंजिन वाचवण्यासाठी ईसीयूने घेतलेली ती खबरदारी आहे.

पेठेतला_जुना | शनिवार, संध्याकाळी

वरील विवेचन योग्य आहे, पण व्यवहाराची एक बाजू मांडतो. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत या सेन्सरचे अस्सल आणि नकली असे दोन्ही नमुने मिळतात आणि खोक्यावरून फरक कळेलच असे नाही. शिवाय आटे जुळतात म्हणून दुसऱ्याच मॉडेलचा सेन्सर बसवलेला मी पाहिला आहे. तो बसतो, चालतोही, पण त्याचा विरोध वेगळ्या प्रमाणात बदलतो आणि वाचन कायम चुकते. सेन्सर हा तुलनेने स्वस्त भाग आहे. कंपनीचा अस्सल सेन्सर एकदा बसवून पाहावा आणि मग वायरिंगच्या मागे लागावे, असे माझे मत आहे. वायरिंग उलगडायला बसले की मजुरी सेन्सरच्या किमतीच्या पुढे केव्हा गेली ते कळत नाही.

तांब्याचीतार | शनिवार, रात्री

पेठेतला_जुना काका, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून मी येथे असहमत आहे. जुना सेन्सर आणि नवा सेन्सर, दोघेही त्याच चढावर आणि त्याच पद्धतीने बिघडतात हे मला पटत नाही. दोघांत समान काय उरते? कपलर, म्हणजे वायरीच्या टोकाचा सेन्सरवर बसणारा प्लग, आणि त्यामागची वायर.

सेन्सर न घेताही हे सिद्ध करता येते. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत ३३० ओहमचा रेझिस्टर किरकोळ किमतीत मिळतो. सेन्सरचा कपलर काढून त्याच्या दोन पिनांमध्ये तो बसवावा. पुष्कळ गाड्यांतील सेन्सरचा विरोध २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ८० अंशांना सुमारे ३२० ओहम आणि १०० अंशांना १९० ओहमच्या आसपास असतो. त्यामुळे ३३० ओहम लावल्यावर स्कॅनरवर साधारण ८० अंश दिसून ते तसेच स्थिर राहायला हवेत. मग तोच चढ चढावा. तरीही वाचन उणे ४० वर उडी मारत असेल तर सेन्सर निर्दोष आहे.

यात दोन गोष्टी सांभाळाव्यात. कपलरच्या आतल्या पिना नाजूक असतात. जाड तार खुपसली तर त्या फाकतात आणि नवाच लूज कॉन्टॅक्ट तयार होतो, म्हणून रेझिस्टरचे पाय बारीकच असावेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रेझिस्टर लावलेला असताना इंजिन खरोखर तापले तरी ईसीयूला ते कळणार नाही आणि पंखाही वेळेवर लागणार नाही. ही चाचणी पार्किंगच्या चढापुरतीच करावी, घाटात अजिबात करू नये.

मृदुला_बाणेर | रविवार, सकाळी

मला एक मूलभूत शंका आहे. काचेमागचा काटा आणि स्कॅनरवरचा आकडा एकाच सेन्सरवरून येतात का? माझ्या गाडीत स्कॅनरवर तापमान ८४ पासून ९८ पर्यंत फिरते, पण काटा जागचा हलत नाही. यांतले खरे काय मानावे?

वेताळटेकडी | रविवार, सकाळी

मृदुलाताई, आपली गाडी ठीक आहे. जुन्या अनेक गाड्यांत काट्यासाठी वेगळा आणि ईसीयूसाठी वेगळा सेन्सर असे. आताच्या बहुतेक गाड्यांत एकच सेन्सर असतो; त्याचे वाचन ईसीयू घेतो आणि पुढे मीटरकडे पाठवतो. चालक उगाच घाबरू नये म्हणून नेहमीच्या कामकाजाच्या पट्ट्यात काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. तेव्हा निदानासाठी काटा उपयोगाचा नाही, स्कॅनरवरचा आकडाच पाहावा. ज्यांच्या गाडीत दोन सेन्सर आहेत त्यांनी आधी काटा उडतो की स्कॅनरचा आकडा उडतो ते पाहावे, नाहीतर भलताच सेन्सर बदलला जातो.

सिंहगडरोडकर यांना एक सूचना. आपल्या स्कॅनरच्या ॲपमध्ये एकाच वेळी दहा गोष्टी लावून ठेवू नका. हे छोटे स्कॅनर एकेक आकडा आळीपाळीने मागवतात, त्यामुळे क्षणभराचा तुटकपणा दोन वाचनांच्या मधून निसटतो. कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान एवढे दोनच आलेख ठेवा. या जोडीचे दोन उपयोग आहेत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पहाटे दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. दोनतीन अंशांपेक्षा बराच जास्त फरक दिसला तर सेन्सर किंवा त्याची जोडणी संशयास्पद आहे. आणि पुष्कळ गाड्यांत अनेक सेन्सरांची अर्थची (ऋण बाजूची) वायर सामाईक असते. चढावर दोन्ही आकडे एकदम उडाले तर ती सामाईक अर्थ किंवा ईसीयूची बाजू पाहावी. केवळ कूलंटचा आकडा उडाला, तर त्या सेन्सरची स्वतःची सिग्नलची वायर आणि अर्थच्या वायरी जेथे एकत्र येतात त्या जोडापासून सेन्सरपर्यंतचा टप्पा यांतच शोध घ्यावा. ईसीयू उघडण्याचा विचार त्यानंतरचा.

पावसाळी_औंध | रविवार, दुपारी

माझ्या गाडीत असाच दोष निघाला होता, पण त्याचे रूप वेगळे होते आणि कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनवर जोराच्या फवाऱ्याने पाणी मारले गेले होते. त्यानंतर पावसाळाभर गाडीचे ॲव्हरेज घसरत गेले, गरम इंजिन बंद करून लगेच चालू केले की पेट्रोलचा वास येई आणि स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागे. कोड एकही नव्हता. स्कॅनरवर तापमान साठच्या आसपास दिसे, म्हणून दोन ठिकाणी थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचे निदान झाले. थर्मोस्टॅट नवा घातला तरी आकडा साठच राहिला. शेवटी लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने कपलर काढून भिंग लावून पाहिले. दोनपैकी एका पिनेच्या मुळाशी हिरवट थर चढला होता. बाहेरून कपलर अगदी नवा वाटत होता.

त्यांनी मला जे समजावले ते वर दिलेल्या आकड्यांशी बरोबर जुळते. समजा गंजलेल्या पिनेने ३०० ओहमची भर घातली. सकाळी गार इंजिनात सेन्सरच २५०० ओहमचा असतो, त्यात ३०० मिळाले तर वाचन जेमतेम तीन अंशांनी चुकते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पण ८० अंशांना सेन्सर ३२० ओहमचा. त्यात ३०० मिळवले की ईसीयूला इंजिन ६० अंशांचे वाटते आणि तो गरज नसताना जास्त पेट्रोल सोडत राहतो. दोष तोच आणि तेवढाच असतो, पण तो फक्त गरम इंजिनात उघडा पडतो. म्हणून "सकाळी तपासले, सेन्सर बरोबर आहे" या निष्कर्षावर विसंबू नये.

घाटवाट | रविवार, रात्री

विजेच्या दोषावर उत्तम चर्चा चालू आहे. तरी या धाग्यावर पुढे शोधत येणाऱ्यांसाठी पाण्याच्या बाजूचेही नोंदवणे आवश्यक वाटते, कारण काटा पडला की सेन्सर असे समीकरण डोक्यात बसले तर इंजिन गमावण्याची वेळ येते.

सेन्सरचे टोक कूलंटमध्ये बुडलेले असेल तरच त्याचे वाचन विश्वासार्ह असते. पातळी खाली गेली किंवा कूलंट बदलताना आत हवा राहिली तर ते टोक कधी पाण्यात, कधी वाफेत असते. मग आकडा काही सेकंदांत खाली जातो, मग वर जातो, चढावर आणि वळणावर जास्त हलतो. इंजिन तापत असतानाही काटा खाली दिसू शकतो. विजेच्या दोषात आकडा एकदम उणे ४० ला जातो, येथे तो मधल्या प्रत्येक आकड्यावरून प्रवास करतो. शिवाय गाडीतील हीटर लावून पाहावा. इंजिन गरम आणि हीटरची हवा गार, असे असेल तर आत हवा अडकली आहे किंवा कूलंट कमी आहे. कूलंट वारंवार कमी होत असेल तर हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधल्या सीलपर्यंत) जावे लागते.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सर्वांना माहीत असूनही दिवे घाटाच्या कडेला दर उन्हाळ्यात कोणीतरी ते उघडताना दिसते. आत दाबाखाली असलेले कूलंट १०० अंशांच्या वर असूनही उकळत नसते. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबण्याला पर्याय नाही.

पेठेतला_जुना | सोमवार, सकाळी

घाटवाट यांचा मुद्दा मान्य. सेन्सर तपासण्याची आमच्या काळातील पद्धतही सांगतो. सेन्सर काढून पातेल्यातील पाण्यात त्याचे टोक बुडवावे, मल्टीमीटर ओहमवर लावावा, शेजारी थर्मामीटर ठेवावा आणि पाणी उकळून हळूहळू गार होऊ द्यावे. विरोध सलग वाढत गेला पाहिजे; मध्ये कोठे उडी आली तर सेन्सर बाद. पिना पाण्यात बुडू देऊ नयेत, पाणी वीज वाहून नेते आणि मीटर भलतेच दाखवतो. आणखी एक बारकावा असा की पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंचीवर असल्याने येथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. उकळले म्हणजे १०० असे धरून तक्ता लावू नये.

वेताळटेकडी | सोमवार, सकाळी

९८ अंशांची आठवण महत्त्वाची आहे. फक्त या चाचणीची मर्यादा सांगतो. पातेल्यातील सेन्सरला इंजिनाची थरथर मिळत नाही. म्हणून येथे पास झालेला सेन्सरही गाडीत तुटक वागू शकतो. सेन्सर बुडवलेला असताना पेन्सिलच्या टोकाने त्याच्या प्लॅस्टिकच्या भागावर हलके टकटक करावे, म्हणजे आतील सैल जोड सापडण्याची शक्यता वाढते.

कर्वेनगर_२ | सोमवार, दुपारी

उंदीर! आमच्या इमारतीत सेन्सरची वायर तीन गाड्यांत कुरतडलेली निघाली. आधी बॉनेटखाली विजेरी मारून पाहा.

सिंहगडरोडकर | मंगळवार, रात्री

सर्वांचे मनापासून आभार. रेझिस्टरची चाचणी केली. सपाटीला ८० अंश अगदी स्थिर होते. चढावर आकडा उणे ४० वर गेला आणि परत आला. आत येणाऱ्या हवेचे तापमान मात्र जराही हलले नाही. म्हणजे सेन्सर निर्दोष, आणि दोष फक्त कूलंट सेन्सरच्या वायरीत, असे मी समजतो. उंदरांनी कुरतडल्याची खूण कोठे नाही. इंजिन चालू ठेवून कपलर आणि हाताला लागणारी वायर हलवून पाहिली, तरी आकडा उडाला नाही. मल्टीमीटरवर दोन्ही वायरी अखंड दाखवतात.

सौदामिनी | मंगळवार, रात्री

मल्टीमीटरच्या 'अखंड' वर जाऊ नका. वायरीतील बरेच तांबे तुटून एकच धागा उरला असला तरी मीटर शून्य ओहमच दाखवतो, कारण तो अगदी थोडा प्रवाह सोडतो. गाडी बंद करून, सेन्सरचा आणि ईसीयूचा असे दोन्हीकडचे कपलर काढून, त्या वायरीतून ५ वॅटचा बल्ब पेटवून पाहावा. वायर हलवल्यावर बल्ब मंदावला तर ती आतून तुटली आहे. ईसीयू जोडलेला असताना मात्र बल्बची चाचणी कधीही करू नये, ईसीयू जळू शकतो.

परंतु मला आपल्या पहिल्याच पोस्टमधील चढाविषयी अधिक बोलायचे आहे. सपाटीला नाही, चढावर खालच्या गिअरमध्ये होते, आणि जागेवर उभे असताना वायर हाताने हलवून होत नाही. चढावर जोर लागला की इंजिन आपल्या माउंटिंगवर (इंजिन बॉडीला धरणाऱ्या रबरी आधारांवर) मागे झुकते. इंजिनावरचा सेन्सर त्याबरोबर सरकतो, पण वायरिंगचे दुसरे टोक बॉडीला क्लिपने धरलेले असते. मधली वायर ताणली जाते. गॅरेजमध्ये न्यूट्रलमध्ये इंजिन झुकतच नाही, म्हणून तेथे दोष दिसत नाही.

हे असे तपासता येईल. बॉनेट उघडे ठेवावे, हॅन्डब्रेक आणि पायाचा ब्रेक घट्ट धरून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडावा, मग तसेच रिव्हर्समध्ये करावे. दुसऱ्या व्यक्तीने बाजूला उभे राहून इंजिन किती झुकते ते पाहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही थांबू नये. इंजिन वाजवीपेक्षा जास्त उचलले जात असेल तर माउंटिंगचे रबर गेले आहे आणि वायर नेमकी कोठे ताणली जाते तेही तेव्हाच दिसेल.

तांब्याचीतार | बुधवार, सकाळी

सौदामिनीताई, चढ आणि माउंटिंग यांचा संबंध आपण जोडलात तो अतिशय योग्य आहे. चढाची नोंद मी वाचली होती, पण पोहोचलो तो कपलरपर्यंतच. सिंहगडरोडकर, याच दिशेने पाहा.

सिंहगडरोडकर | शनिवार, दुपारी

दोष सापडला.

सौदामिनी यांनी सांगितल्याप्रमाणे ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन पाहिले. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताच इंजिन मागच्या बाजूला ठळकपणे उचलले गेले आणि बॅटरीच्या ट्रेमागे वायरिंगची नळी ताठ झाली. तेथील प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली होती आणि कोणीतरी नळी झिप टायने ट्रेला करकचून बांधली होती. वायरीला हलायला सैलपणाच उरला नव्हता. टाय कापून, नळी चिरून दोन्ही वायरी बाहेर काढल्या. वरून दोन्ही सारख्याच चांगल्या दिसत होत्या. त्यांनी एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढली. एकीचे आवरण एका जागी रबरासारखे लांबले आणि तेथे बारीक झाले, कारण आत तांबे उरलेच नव्हते. आवरण सोलल्यावर तुटलेल्या धाग्यांची दोन टोके दिसली. इंजिन झुकले की ती एकमेकांपासून दूर होत आणि जागेवर आले की पुन्हा टेकत.

तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर घातली आणि वायरिंगला पुरेसा सैलपणा ठेवला. मागच्या माउंटिंगचे रबर आरपार फाटलेले निघाले, तेही बदलले. काल कात्रजचा जुना घाट दोन्ही बाजूंनी चढून-उतरून आलो. आलेख पूर्ण वेळ सलग होता.

मृदुला_बाणेर | शनिवार, संध्याकाळी

अभिनंदन! वायरीचा जोड सोल्डरने केला की क्रिम्पने? आमच्याकडचे मेकॅनिक नुसती पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळतात.

सौदामिनी | शनिवार, रात्री

मृदुलाताई, पीळ आणि चिकटपट्टी सेन्सरच्या वायरीला चालत नाही. उष्णतेने पट्टीचा गोंद वितळतो, ओल आत जाते आणि पावसाळी_औंध यांनी सांगितलेला गंजाचा दोष तयार होतो. इंजिनाजवळ थरथर असल्याने मला नीट दाबलेला क्रिम्प (धातूची नळी दाबून केलेला जोड) अधिक पसंत आहे. सोल्डर जेथे संपते तेथे वायर ताठ होऊन पुन्हा तुटण्याचा धोका असतो. सोल्डर केलेच तर जोडाच्या दोन्ही बाजूंना आधार द्यावा. दोन्ही प्रकारांत वरून आतल्या गोंदाची हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळणारी नळी) चढवावी आणि दोन वायरींचे जोड शेजारीशेजारी न घेता पुढेमागे घ्यावेत.

पेठेतला_जुना | रविवार, सकाळी

सेन्सर खोलल्याशिवाय निदान झाले याचा आनंद आहे. रेझिस्टरची चाचणी आता मीही दुकानात येणाऱ्यांना सांगेन. जुन्या, एकच वायर असलेल्या सेन्सरच्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी एक नोंद करतो. त्या सेन्सरला अर्थ इंजिनच्या धातूतूनच मिळतो. गळती थांबावी म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवले तर अर्थ तुटक होतो आणि काटा असाच पडतो. तेथे टेप काढून आटे स्वच्छ करावेत, योग्य वॉशर घालावा आणि सेन्सरच्या बॉडीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत विरोध मोजून पाहावा.